बगदादची कांडी : स्फोटके शोधणारी खरी आणि खोटी यंत्रे

२०१६ सालच्या रमजानचे शेवटचे दिवस होते. बगदादच्या कर्रादा भागातला बाजार रात्री उशिरापर्यंत उघडा होता. ईद दोन-तीन दिवसांवर आलेली, इफ्तार आणि तरावीह उरकून लोक बायकामुलांसह खरेदीला बाहेर पडलेले. मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर शेवटच्या अशऱ्यात जेव्हा पाय ठेवायला जागा नसते, तीच वेळ समजा. ३ जुलैला मध्यरात्र उलटून गेल्यावर स्फोटकांनी भरलेली एक मालवाहू गाडी तिथे उडवून देण्यात आली. शेजारच्या खरेदी संकुलाने पेट घेतला आणि आत अडकलेल्यांना बाहेर पडता आले नाही. तीनशेहून अधिक माणसे गेली. आयसिसने जबाबदारी घेतली. अल्लाह त्या सर्वांची मग्फिरत करो.

त्याच दिवशी पंतप्रधान हैदर अल-अबादी तिथे गेले तेव्हा संतापलेल्या लोकांनी त्यांच्या ताफ्यावर दगड फेकले. त्यानंतर लगेच त्यांनी जे हुकूम काढले, त्यातला एक वाचून आम्हाला नवल वाटले होते. शहरातल्या सगळ्या तपासणी नाक्यांवरून पोलिसांच्या हातातली स्फोटके शोधणारी यंत्रे काढून घ्या, असा तो हुकूम होता. एवढा मोठा स्फोट झाल्यावर यंत्रे वाढवायची की काढून घ्यायची? उत्तर शोधता शोधता जी हकीकत कळली, ती प्रत्येक घरात वाचली जावी असे वाटले, म्हणून हा लेख.

ते यंत्र म्हणजे प्लास्टिकची एक मूठ आणि तिला बिजागरीने जोडलेली, इकडून तिकडे फिरणारी एक लांब धातूची कांडी. नाव भारदस्त, एडीई ६५१. त्यात बॅटरी नाही. पोलिसाने दोन पावले चालायचे, म्हणजे त्याच्या अंगातल्या स्थिर विजेवर यंत्र चालू होते, असे सांगितले जाई. मग गाडीच्या बाजूने शांतपणे चालायचे. स्फोटक असेल तर कांडी आपोआप तिकडे वळते. हस्तिदंत, अमली पदार्थ, माणूस, जे शोधायचे असेल त्याचे वेगळे कार्ड आत सरकवायचे. जमिनीवर एक किलोमीटरपर्यंत आणि विमानातून पाच किलोमीटरपर्यंत याला माग लागतो, असा विक्रेत्याचा दावा होता.

विक्रेता होता जेम्स मॅककॉर्मिक, इंग्लंडमधला एक माजी पोलीस. हरवलेला गोल्फचा चेंडू शोधण्याचे एक गमतीचे खेळणे अमेरिकेत वीस डॉलरच्या आत मिळत असे. याने ती खेळणी मागवली, त्यांवर आपले लेबल लावले आणि पुढे तशीच नवी बनवून घेतली. इराकने एकेका नगाला चाळीस हजार डॉलरपर्यंत मोजले आणि एकूण आठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम या कांड्यांवर घालवली. युद्धाने मोडलेल्या, विधवा आणि यतीमांनी भरलेल्या देशाचा तो पैसा होता.

आतमध्ये काय होते? २०१० च्या जानेवारीत बीबीसीने ते कार्ड केंब्रिज विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ मार्कस कून यांना उघडायला दिले. आत निघाली ती मोठ्या दुकानांत कपड्यांना चोरीविरोधी चिकटवतात तशी पट्टी. स्फोटकाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. ब्रिटनने लगेच इराक आणि अफगाणिस्तानला होणारी निर्यात थांबवली आणि मॅककॉर्मिकला अटक झाली. एप्रिल २०१३ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तो फसवणुकीबद्दल दोषी ठरला आणि मे महिन्यात त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. निरपराधांच्या मृत्यूला या यंत्राचा हातभार लागला असण्याची दाट शक्यता न्यायाधीशांनी बोलून दाखवली.

आता तारखा पाहा. कार्ड फोडले गेले २०१० मध्ये. विकणारा तुरुंगात गेला २०१३ मध्ये. आणि बगदादच्या नाक्यांवर कांडी फिरत राहिली २०१६ च्या रमजानपर्यंत. मधल्या काळात इराकच्या गृहमंत्रालयाच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली, यंत्र निकामी आहे असे सांगितले. खरेदीत पुढाकार घेणारे जनरल जिहाद अल-जाबिरी २०११ मध्ये लाचखोरीच्या आरोपाखाली पकडले गेले. या जनरलसाहेबांनी त्याआधी एका अमेरिकन वार्ताहराला सांगितले होते की, जादू असो नाहीतर विज्ञान, बॉम्ब सापडला म्हणजे झाले. ते असे म्हणाले त्याच सुमारास, २५ ऑक्टोबर २००९ रोजी, सरकारी इमारतींपुढे दोन स्फोट होऊन दीडशेहून अधिक लोक गेले आणि ८ डिसेंबरला पुन्हा शंभरावर. बॉम्बच्या गाड्यांना शहरात कांडीवाले नाके पार करूनच यावे लागत होते.

वाचक म्हणतील, पोलीस इतके अडाणी होते का? नाही. इथेच थोडे थांबायला हवे.

आपल्या गावाकडे विहीर किंवा बोअर घ्यायची झाली की पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवून, नाहीतर झाडाची बेचक्यासारखी फांदी दोन्ही हातांत धरून शेतात फिरतो. एका जागी नारळ उभा राहतो किंवा फांदी खाली वाकते. पाणाड्या ढोंग करत असतोच असे नाही. त्याला खरोखर वाटते की फांदी आपली आपण वाकली. मनात जे असते तशी हाताच्या स्नायूंची अगदी बारीक, स्वतःलाही न कळणारी हालचाल होते. विल्यम कार्पेंटर नावाच्या इंग्रज वैद्यकतज्ज्ञाने १८५२ मध्येच याचे वर्णन केले आणि त्याला ‘इडिओमोटर’ परिणाम असे नाव दिले. बगदादची कांडी ही पाणाड्याची फांदीच होती, फक्त तिला प्लास्टिकची मूठ होती.

आम्ही हा प्रयोग वर्गात करून पाहिला आहे. दोऱ्याला किल्ली बांधून मुलाच्या हातात द्यायची. समोर चार सारखे डबे, एकात खडू. कुठल्या डब्यात खडू आहे हे त्या मुलाला माहीत असेल तर किल्ली बरोबर त्या डब्यावर झोके घेऊ लागते. मूल शपथेवर सांगते, ‘टीचर, मी हलवली नाही!’ आणि ते खरेच बोलत असते. मग त्याला बाहेर पाठवून डब्यांची जागा बदलायची. पुढे काय झाले ते नंतर सांगू.

नाक्यावरच्या पोलिसाचे असेच होत होते. गाडी कोणाची, चालक घाबरलेला आहे का, कपडे कसे, दाढी कशी, नाव कोणत्या जमातीचे, हे सगळे त्याच्या मनात. मन जिकडे झुकले तिकडे कांडी झुकली. बगदादच्या लोकांना तर सवय झाली होती. कांडी वळली की पोलीस विचारायचा, गाडीत अत्तर आहे का, दातात चांदी भरली आहे का? ‘आहे’ म्हटले की ‘मग त्यामुळेच वळली’ म्हणून गाडी सोडून द्यायची. चूक झाली तरी सबब तयार. जे यंत्र कधी चुकतच नाही, प्रत्येक वेळी ज्याच्याजवळ खुलासा असतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावे असे आमचे विज्ञान शिकवतानाचे मत होते, ते या गोष्टीने पक्के झाले.

खोट्या यंत्राचे नुकसान एकच नसते. बॉम्ब सुटून जातो, हे एक. दुसरे आपल्या जास्त जिव्हाळ्याचे आहे आणि त्यासाठी थायलंडच्या दक्षिणेला जावे लागेल.

पट्टानी, याला आणि नाराथिवात हे थायलंडचे मलय मुस्लिमांच्या बहुसंख्येचे प्रांत. तिथे अनेक वर्षे बंडखोरी आणि लष्करी कारवाई चालू आहे. थाई लष्कराने तिथे अशीच एक कांडी वापरली, जीटी २००. बनवणारा दुसरा इंग्रज, गॅरी बोल्टन. सैनिक वस्तीत शिरायचे, कांडी एखाद्या घराकडे, एखाद्या तरुणाकडे वळायची आणि त्या मुलाला चौकशीला नेले जायचे. हातात ना स्फोटक, ना साक्षीदार, फक्त एक कांडी वळली होती. तिथल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांनी हे वारंवार मांडले. त्यांचे म्हणणे ऐकले गेले ते याच कांडीने २००९ मध्ये खरे बॉम्ब सोडून दिल्यावर आणि इंग्लंडमध्ये गवगवा झाल्यावर.

फेब्रुवारी २०१० मध्ये थाई सरकारने शास्त्रज्ञांकडून चाचणी करवली. पद्धत अगदी साधी. चार डबे, एकात स्फोटक. कांडी धरणाऱ्याला माहीत नाही कशात आहे. असे वीस वेळा. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी चारांत एक, म्हणजे वीसपैकी सरासरी पाच बरोबर यायला हवेत. कांडीने चार बरोबर सांगितले. पंतप्रधान अभिसित यांनी निकाल जाहीर केला. बोल्टनला पुढे २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली. पण ज्या घरांतून मुले उचलली गेली त्या घरांना या शिक्षेने काय परत मिळाले?

आपल्या महाराष्ट्रालाही हे दुःख ओळखीचे आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शबे-बरातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तानात जुम्याच्या नमाजनंतर स्फोट झाले. मेलेले बहुतेक आपले आणि त्या प्रकरणात प्रथम पकडलेले तरुणही आपलेच. त्यांना न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. तिथे कांडी नव्हती, आणि तपासाच्या चुका हा वेगळा विषय आहे. पण आधी संशय आणि मग पुरावा, हा उलटा क्रम दोन्हीकडे सारखाच दिसतो.

मग खरे यंत्र कसे असते?

सर्वांत जुने आणि अजूनही उत्तम यंत्र अल्लाहने बनवलेले आहे, कुत्र्याचे नाक. काही घरांत या विषयावर नाक मुरडले जाते. आम्ही मुफ्ती नाही, पण शिकवलेल्या शिकारी जनावराकडून केलेली शिकार हलाल असल्याचे सूरह माइदामध्ये आले आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. जनावराचे शिक्षण ही आपल्याला परकी गोष्ट नाही. श्वानपथक आपले सामान हुंगून गेले तर मनात किंतु ठेवण्यापेक्षा तो कशासाठी हुंगतो हे मुलांना समजावून सांगावे.

मात्र कुत्रासुद्धा तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अठरा कुत्रे आणि त्यांचे अठरा हाताळणारे एका चर्चच्या खोल्यांत नेले. कुठेही स्फोटक नव्हते, अमली पदार्थही नव्हते. पण हाताळणाऱ्यांना सांगितले होते की माल असू शकतो आणि काही ठिकाणी लाल कागद लावून तिथे माल आहे असे भासवले होते. बहुतेक फेऱ्यांत ‘सापडले’ असा इशारा मिळाला आणि तो कागद लावलेल्या जागी जास्त. म्हणजे कुत्रा नाकाने शोधतो तसा मालकाच्या चेहऱ्यावरूनही शोधतो. कुत्र्याचे नाक खोटे नाही, पण माणसाची समजूत दोरीतून खाली उतरते. म्हणून चांगल्या श्वानपथकांची चाचणी हाताळणाऱ्याला उत्तर माहीत नसताना घेतात.

टांझानियातल्या अपोपो संस्थेचे उंदीर मुलांना आवडतील. मोठ्या आफ्रिकन उंदरांना तिथे भूसुरुंगांच्या वासाचे शिक्षण देतात. हलके असल्याने त्यांच्या वजनाने सुरुंग फुटत नाही. त्यांतल्या मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभराहून अधिक सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब शोधले. २०२० मध्ये त्याला इंग्लंडच्या एका प्राणिसंस्थेने शौर्याचे सुवर्णपदक दिले. या उंदरांनाही प्रत्यक्ष कामावर पाठवण्याआधी परीक्षा द्यावी लागते आणि सुरुंग कुठे पुरले आहेत हे त्यांच्याबरोबरच्या माणसाला सांगितलेले नसते.

आता यंत्रे. अडचण अशी आहे की स्फोटकांना वास फार थोडा असतो. अत्तराची कुपी उघडली की खोली भरते, कारण अत्तराचे कण हवेत भराभर उडतात. आरडीएक्ससारख्या पदार्थाचे साध्या खोलीच्या तापमानाला हवेच्या एक लाख कोटी कणांमागे जेमतेम पाच-सहा कण उडतात. एक लाख कोटी सेकंद म्हणजे सुमारे ३१,७०० वर्षे होतात. एवढ्या वर्षांतले पाच-सहा सेकंद शोधून काढण्यासारखे हे काम. एक किलोमीटरवरून कांडीने वास घेण्याचा दावा किती हास्यास्पद होता ते यावरून कळावे.

म्हणून विमानतळावर सुंघण्याऐवजी पुसण्याची पद्धत आहे. हातावरून, बॅगेच्या मुठीवरून एक कागदासारखी पट्टी फिरवतात आणि ती यंत्रात सरकवतात. स्फोटक हाताळलेल्या माणसाच्या बोटांना डोळ्यांना न दिसणारे कण चिकटतात, तेच तिथे शोधायचे असतात. यंत्र पट्टी तापवते, कणांची वाफ होते, त्या वाफेच्या रेणूंना विद्युतभार दिला जातो आणि एका नळीतून हवेच्या विरुद्ध पळवले जाते. जुम्याची नमाज सुटल्यावर गल्लीत जी गर्दी होते ती आठवा. लहान मूल गर्दीतून सुळकन निघून जाते, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेतलेला माणूस धक्के खात उशिरा पोहोचतो. रेणूंचेही तसेच. प्रत्येक जातीच्या रेणूला नळी पार करायला ठराविक वेळ लागतो, सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतका. यंत्राच्या स्मरणात स्फोटकांच्या वेळा नोंदलेल्या असतात. जुळली की इशारा. सारे काही दहा-बारा सेकंदांत होते.

दुसरी एक कल्पना आम्हाला फार सुंदर वाटते. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेचे रसायनशास्त्रज्ञ टिमोथी स्वॅगर यांनी १९९० च्या दशकात एक चमकणारे प्लास्टिक तयार केले. त्याचे रेणू लांब साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात आणि विशिष्ट प्रकाशात चमकतात. टीएनटीचा एकच रेणू साखळीला कुठेही चिकटला की मोठ्या भागाची चमक विझते. लग्नाच्या रोषणाईतल्या जुन्या माळा आठवतात का? एक बल्ब गेला की सगळी माळ बंद. आपल्याला तो वैताग होता, स्वॅगर यांनी त्याचाच उपयोग केला. या तत्त्वावर ‘फिडो’ नावाचे हातात धरण्याचे यंत्र बनले आणि अमेरिकन सैन्याने ते इराकमध्ये वापरले. म्हणजे त्याच देशात, त्याच वर्षांत खरे यंत्र एका सैन्याजवळ होते आणि नाक्यावरच्या इराकी पोलिसाच्या हातात खेळणे होते. हे वाचून मन कडू होते.

आपल्याकडेही काम चालू आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक व्ही. रामगोपाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे सूक्ष्म तरफांवर संशोधन केले. पोहण्याच्या तलावावर उडी मारायची फळी असते, एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने मोकळी. तशी, पण केसाच्या जाडीपेक्षाही लहान फळी सिलिकॉनवर कोरायची. तिच्यावर असा लेप द्यायचा की त्याला स्फोटकाचेच रेणू चिकटावेत. चिकटले की फळी किंचित वाकते आणि त्या वाकण्याने विजेच्या प्रवाहात फरक पडतो. याच संस्थेत उभ्या राहिलेल्या नॅनोस्निफ कंपनीचे ‘नॅनोस्निफर’ हे यंत्र एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या हस्ते सादर झाले. त्याच्या महिनाभर आधी, १ मार्चला, पुण्यात ‘रेडर-एक्स’ सादर झाले. ते पुण्याच्या हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून बनवलेले, काही अंतरावरून स्फोटक ओळखणारे उपकरण आहे. विज्ञान शाखेला जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींना डॉक्टर-इंजिनिअरच्या पुढे काही दिसत नाही. रसायनशास्त्रात एमएस्सी करून कुठे जाता येते, याचे हे एक उत्तर.

सामानाचे क्ष-किरण आणि स्कॅन हा प्रकार बहुतेकांनी पाहिलेला आहे. त्यात वस्तूचा आकार आणि घनता दिसते, पदार्थाचे नाव नाही. म्हणून साबणाची वडी किंवा खजुराचे डबे पाहून कर्मचारी कधी कधी बॅग उघडायला सांगतो.

आता घरगुती गोष्ट. आमच्या खाला उमऱ्याला निघाल्या तेव्हा एका विमानतळावर त्यांच्या हातांवरून पट्टी फिरवली आणि यंत्र वाजले. बासष्ट वर्षांच्या बुरखेवाल्या बाई, मेंदी लावलेले हात, रडकुंडीला आल्या. सोबतची माणसे गप्प, रांगेतले लोक वळून पाहू लागले. त्यांना बाजूला नेले, पुन्हा तपासले, काही निघाले नाही, दहा मिनिटांत सोडले. घरी फोनवर त्या एवढेच म्हणाल्या की सकाळी हात फुटले होते म्हणून ग्लिसरीन चोपडले होते. काही क्रीम-लोशनांमुळे असा इशारा वाजल्याचे प्रसंग नोंदलेले आहेत. हृदयविकारात जिभेखाली ठेवायच्या नायट्रेट गोळ्या, शेतात खत टाकून आलेल्या माणसाचे बूट, यांनीही वाजू शकते, कारण खतातले आणि त्या औषधातले काही घटक स्फोटकांच्या नात्यातले आहेत. उमऱ्याला, हजला किंवा कुठेही जाताना घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवावे. औषधाची चिठ्ठी सोबत ठेवावी, विचारल्यास सरळ सांगावे आणि तिथे ‘बॉम्ब’ हा शब्द थट्टेतही उच्चारू नये.

आणि थोडे गणित. समजा एक यंत्र फार चांगले आहे, शंभरांत एकदाच चुकीचे वाजते. एका दिवसात दहा हजार प्रवासी तपासले. शंभर जणांवर इशारा वाजेल. त्या दिवशी कोणाजवळही स्फोटक नसेल, आणि बहुतेक दिवशी नसतेच, तर ते शंभरच्या शंभर बेगुनाह आहेत. म्हणून इशारा वाजला म्हणजे माणूस सापडला असे नसते, तपास सुरू झाला एवढेच असते. शहाण्या ठिकाणी दुसऱ्या वेगळ्या पद्धतीच्या यंत्रावर पुन्हा तपासतात. सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी तहकीक करण्याची जी ताकीद आहे, ती आपण घरातल्या भांडणांपुरती वापरतो. यंत्रानेही खबरच आणलेली असते.

एक गोष्ट मात्र कुठल्याही प्रयोगशाळेत सुटलेली नाही. रेणूला नाव नसते, धर्म नसतो, यंत्र कोणाची टोपी पाहत नाही. पण पट्टी कोणाच्या हातावर फिरवायची, रांगेतून कोणाला बाजूला घ्यायचे, हे अजून माणूस ठरवतो. खालांच्या पुढे चार आणि मागे सहा माणसे होती. त्यांच्यापैकी कोणाच्याही हातावर पट्टी फिरली नाही. योगायोग असेल. पण असे योगायोग आपल्या घरांत फार सांगितले जातात, आणि ज्यांना सुरक्षा खरोखर हवी आहे त्यांनी हे ऐकून घेतले पाहिजे. सगळ्यांची, किंवा मग चिठ्ठ्या टाकून कोणाचीही तपासणी झाली तर आमची काहीच तक्रार नाही. स्फोट होतो तेव्हा कर्रादाच्या बाजारात कोण मरतो आणि मालेगावच्या कब्रस्तानात कोण मरतो हे आम्हाला ठाऊक आहे. खरे यंत्र आम्हाला इतर कोणाहूनही जास्त हवे आहे.

मीलादच्या जलशांत आपण इब्न अल-हैसम यांचे नाव अभिमानाने घेतो. दहाव्या शतकात ते याच इराकमध्ये, बसऱ्याला जन्मले. प्रकाशावरच्या ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात त्यांनी प्रयोगाने पडताळल्याशिवाय जुन्या विद्वानांचे म्हणणे मान्य केले नाही. त्यांच्याच देशात चार डब्यांची परीक्षा न घेता आठ कोटी डॉलर खर्च झाले. आपल्या शाळांतही त्यांचे चित्र भिंतीवर असते आणि प्रयोगशाळेला कुलूप असते, हे इथे लिहिले नाही तर आम्ही अप्रामाणिक ठरू.

तर तो खडूचा प्रयोग. मुलाला बाहेर पाठवून आम्ही डबे बदलले. या वेळी आमच्या चेहऱ्यावरून त्याला काही कळू नये म्हणून डबे बदलणाऱ्या मुलीलाही बाहेर उभे केले. वीस फेऱ्या, एका मुलीने फळ्यावर हिशेब ठेवला. उत्तर माहीत असताना ज्याची किल्ली एकदाही चुकली नव्हती, त्याचे वीसपैकी सहा बरोबर आले. वर्ग हसू लागला. तो मुलगा खट्टू झाला, मग थायलंडचा आकडा आठवून म्हणाला, ‘टीचर, लष्करापेक्षा दोन जास्त.’ मधली सुट्टी झाली तरी चार-पाच मुले डबे सोडून जाईनात. त्यांना दोरा लांब केला तर फरक पडतो का ते पाहायचे होते.